धुळीआडचा नवतारा वर्णपटावरून कसा ओळखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, दुर्बीण लावून बसणारे, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकणारे आणि ‘आकाशात नवीन तारा दिसला’ अशी बातमी वाचून फोन करणारे, अशा सगळ्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गणित बेताचंच आहे, पण जिथे आकड्याशिवाय भागत नाही तिथे आकडे दिले आहेत. तरंगलांबी सगळीकडे अँगस्ट्रॉममध्ये समजावी. इन्फ्रारेडची तेवढी मायक्रॉनमध्ये आहे.

नवतारा म्हणजे खरोखर नवा तारा असतो का?

नाही. असतो जुनाच, तोही म्हातारा. एक श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला छोटा, दाट गाभा) आणि त्याच्या अगदी जवळून फिरणारा एक साधा तारा अशी ही जोडी. साध्या ताऱ्यावरचा हायड्रोजन हळूहळू श्वेत बटूवर ओढला जातो, तिथे त्याचा थर साचतो, तळाशी दाब आणि तापमान वाढत जातं आणि एक दिवस त्या थरात अणुसंमीलनाचा भडका उडतो. वरचा थर सेकंदाला काहीशे ते काही हजार किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जातो. एरवी मोठ्या दुर्बिणीतही जेमतेम दिसणारा तारा काही तासांत किंवा दिवसांत आठ-दहा, कधी त्याहूनही जास्त प्रतींनी उजळतो. (प्रत हे तेजस्वितेचं माप; प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद.) श्वेत बटू मात्र शाबूत राहतो आणि पुन्हा हायड्रोजन साठवायला लागतो. उत्तर मुकुट तारकासमूहातला टी कोरोनी बोरिआलिस १८६६ आणि १९४६ अशा दोन्ही वेळा भडकलेला नोंदलेला आहे.

मग यात धूळ कुठून आली?

दोन ठिकाणांहून येते, आणि या दोन्हींची गल्लत फार होते.

पहिली आपल्या आणि ताऱ्याच्या मधली. आकाशगंगेच्या चकतीत कार्बन आणि सिलिकेटचे अतिसूक्ष्म कण वायूबरोबर पसरलेले आहेत. नवतारे बहुतांशी याच चकतीत आणि मध्यवर्ती फुगवट्यात असतात, त्यामुळे धनु-वृश्चिकाच्या दिशेने पाहताना नजर या धुळीतूनच जाते. दुसरी धूळ नवतारा स्वतः तयार करतो: बाहेर फेकलेला वायू थंड झाला की काही आठवड्यांनी त्यातच कण गोठतात. पहिली धूळ स्फोटाच्या आधीपासून तिथेच असते आणि हलत नाही. दुसरी नंतर येते आणि विरूनही जाते. या पानावर मुख्यतः पहिलीबद्दल लिहिलं आहे.

धुळीतून येणारा प्रकाश लाल का होतो?

निळा प्रकाश जास्त अडतो, लाल कमी अडतो, म्हणून. समुद्रावर मावळणारा सूर्य तांबडा होतो तो याच जातीच्या कारणाने, फक्त तिथे हवेचे रेणू आहेत आणि ते निळ्याच्या बाबतीत फारच कडक आहेत. आंतरतारकीय धुळीचे कण मोठे असल्यामुळे निळ्या-लालमधला फरक इतका टोकाचा नसतो. साधारण हिशेब असा: दृश्य प्रकाशात, म्हणजे ५५०० च्या आसपास, धुळीने ६ प्रती खाल्ल्या असतील, तर ४८६१ ला सुमारे ७, ६५६३ ला ४.९ आणि इन्फ्रारेडमध्ये २.२ मायक्रॉनला फक्त ०.७ प्रत जाते. ६ प्रती म्हणजे अडीचशे भागांतला एकच भाग आपल्यापर्यंत पोचला. इन्फ्रारेडमध्ये मात्र निम्म्याहून जास्त प्रकाश सहीसलामत येतो.

‘ह्यो तारो दुर्बिणीत लाल दिसतलो काय?’

बहुतेक वेळा नाही. दहा-बारा प्रतीचा तारा डोळ्याला करडाच दिसतो, कारण इतक्या मंद प्रकाशात डोळ्याला रंग कळत नाहीत. रंग बघायचा तर कॅमेरा लागतो.

फोटोत तारा लाल आला आणि तो आधी तिथे नव्हता. एवढं पुरत नाही का?

पुरत नाही, आणि या पानाचं कारणच हे आहे. तारा लाल दिसायला दोन सरळ कारणं असतात: तो मुळातच थंड आहे, किंवा तो तापलेला आहे पण धुळीआड आहे. फोटोतला रंग या दोघांत फरक करू शकत नाही. आकाशगंगेच्या पट्ट्यात थंड, लाल आणि तेजस्वितेत वर्षभरात सात-आठ प्रतींची उलथापालथ करणारे मीरा प्रकारचे तारे भरपूर आहेत. जुन्या फोटोत न दिसलेला मीरा वर चढताना पकडला की तो हुबेहूब नवताऱ्यासारखा भासतो.

वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार फाकवलेला प्रकाश, इथे कामाला येतो, कारण धूळ प्रकाश कमी करते, त्याचा रंग बदलते, पण उत्सर्जन रेषा (ठरावीक तरंगलांबीला उजळ दिसणाऱ्या रेषा) तयार करत नाही, रेषेची जागा सरकवत नाही आणि रेषा रुंद करत नाही. ६५६३ ला हायड्रोजनची रुंद रेषा असेल तर ती धुळीच्या अलीकडे आणि पलीकडे ६५६३ लाच राहणार, तेवढीच रुंद राहणार. रेषा सांगतात तो तारा, आणि रंग सांगतो तो तारा अधिक धूळ. आधी रेषा वाचायच्या, रंगाचं नंतर बघू.

वर्णपट हातात आला. पहिली नजर कुठे टाकायची?

६५६३ वर, म्हणजे एच-अल्फावर. धुळीआडच्या नवताऱ्याचा वर्णपट डावीकडे, निळ्या बाजूला, जवळजवळ तळाला टेकलेला असतो. उजवीकडे चढत जातो, आणि त्या चढावर एच-अल्फाचा सुळका उभा असतो. पुष्कळदा पहिल्या वर्णपटात एवढी एकच गोष्ट ठसठशीत असते.

मग त्या सुळक्याची रुंदी मोजायची. एच-अल्फाजवळ २२ अँगस्ट्रॉम म्हणजे सेकंदाला सुमारे १००० किलोमीटर. अर्ध्या उंचीवर रुंदी ३०-४० अँगस्ट्रॉम भरली तर वायू हजार-दोन हजार किलोमीटरच्या फरकाने पसरतोय, आणि शांत स्वभावाच्या ताऱ्याचं ते काम नाही. रेषेच्या निळ्या बाजूला खड्डा आहे का तेही पाहायचं. आपल्या दिशेने येणारा वायू मागच्या प्रकाशाला शोषतो म्हणून तो खड्डा पडतो. कवच फुगत असल्याची ती पावती. हंस तारकासमूहातल्या पी सिग्नी ताऱ्यावरून या आकाराला नाव मिळालं आहे. स्फोटानंतर पहिले काही दिवस हा खड्डा ठळक असतो, पुढे पुसट होतो.

निळा भाग दिसतच नसेल तर नवताऱ्याचा वर्ग कसा ठरवायचा?

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुधा आधी काहीतरी वाचून आलेला असतो. नवताऱ्यांचे दोन मोठे वर्ग रॉबर्ट विल्यम्स यांनी १९९२ मध्ये मांडले: आयनीभूत लोहाच्या रेषांचा एक, आणि हेलियम-नायट्रोजनचा दुसरा. लोहाच्या ओळखीच्या रेषा ४९२४, ५०१८ आणि ५१६९ ला आहेत. म्हणजे नेमक्या तिथे, जिथे धुळीने सगळं खाऊन टाकलेलं असतं.

म्हणून लाल टोकाकडे जायचं. ७७७४ आणि ८४४६ या ऑक्सिजनच्या रेषा, आणि ८४९८, ८५४२, ८६६२ ही आयनीभूत कॅल्शियमची तिकडी. या दिसल्या तर गाडी लोह वर्गाकडे चालली आहे असं समजायला हरकत नाही. याउलट ५८७६, ६६७८, ७०६५ या हेलियमच्या रेषा जोरात असतील आणि रेषा अतिशय रुंद, माथा सपाट, कडा मध्यापासून सेकंदाला २५०० किलोमीटरच्याही पलीकडे गेलेल्या असतील, तर दुसरा वर्ग. काही नवतारे मध्येच वर्ग बदलतात. तारीख लिहिल्याशिवाय वर्ग लिहू नये.

८४४६ ची रेषा मला या सगळ्यांत सर्वांत आवडते. हायड्रोजनच्या एका अतिनील रेषेची तरंगलांबी ऑक्सिजनच्या एका संक्रमणाशी योगायोगाने जुळते, त्यामुळे ऑक्सिजनला फुकटची ऊर्जा मिळते आणि ही रेषा फुगते. शिवाय ती लाल टोकाला असल्यामुळे धुळीची झळ तिला कमी लागते. दाट धुळीआडच्या नवताऱ्यात एच-अल्फाच्या खालोखाल तीच दिसते, असं बरेचदा होतं.

मीरा आणि नवतारा यांत फरक नेमका कसा दिसतो?

मीराच्या वर्णपटात टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे असतात. ६१५९ आणि ७०५४ पासून उजवीकडे सुरू होणारे करवतीसारखे दाते एकदा पाहिले की विसरत नाहीत. रेणू टिकायला थंडावा लागतो, म्हणून दाते म्हणजे थंड तारा. धूळ असे दाते पाडू शकत नाही. धुळीआडच्या नवताऱ्याचा चढ गुळगुळीत असतो. मीरामध्येही हायड्रोजनच्या उत्सर्जन रेषा असतात, त्यावर भुलू नये. पण त्या अरुंद असतात.

दुसरी सोपी तपासणी घरबसल्या होते. त्या जागेवर जुन्या इन्फ्रारेड सर्वेक्षणात, उदाहरणार्थ टू-मासमध्ये, तेजस्वी लाल तारा आहे का ते पाहा. असेल तर मीराची शक्यता मोठी. नवताऱ्याच्या जागी स्फोटाआधी बहुधा काहीच नसतं किंवा अगदी मंद ठिपका असतो. अपवाद आहेत: ज्या जोडीत जोडीदारच राक्षसी लाल तारा असतो, तिथे ही युक्ती फसते.

आणखी कोण कोण नवताऱ्याचं सोंग घेतं?

बटू नवतारे (अशाच जोड्यांतले छोटे भडके), पण ते मुळात मंद असतात, त्यामुळे दाट धुळीआडून ते दिसण्याची पाळीच क्वचित येते. एच-अल्फा उत्सर्जित करणारे तप्त तारे, पण त्यांचा उजाळा असा अचानक नसतो. तरुण ताऱ्यांचे भडके, जिथे वर्णपटात उत्सर्जनापेक्षा शोषण जास्त.

आणि लाल नवतारे. हे प्रकरण अगदी निराळं आहे: दोन तारे एकमेकांत मिसळले की असा लाल भडका होतो, अणुस्फोट नव्हे. २००८ चा व्ही १३०९ स्कॉर्पिआय हे त्याचं सर्वांत पक्कं उदाहरण, कारण त्या जोडीचा फिरण्याचा काळ आधीची काही वर्षं कमी कमी होत गेलेला नोंदींत सापडला. हे तारे स्वतःच थंड होत जातात, वेग कमी असतात, आणि लवकरच रेणूंचे पट्टे उगवतात. नावातल्या ‘लाल’वर जाऊन धुळीआडच्या नवताऱ्याला लाल नवतारा म्हणू नका.

नवतारा आहे हे ठरलं. आता मध्ये धूळ किती आहे हे कसं मोजायचं?

चार वाटा आहेत. एकीवर विसंबू नये.

सोडियमच्या जोडरेषा, ५८९० आणि ५८९६. धुळीबरोबर असलेला थंड वायू ताऱ्याच्या प्रकाशात इथे बारीक, खोल खाचा पाडतो. खाच जितकी जड तितकी धूळ जास्त. मुनारी आणि झ्विटर यांनी १९९७ मध्ये यासाठी वापरायचं नातं दिलं. अडचण अशी की धूळ जास्त झाली की खाच तळाला लागते आणि पुढे धूळ वाढली तरी फारशी वाढत नाही. म्हणजे आपल्याला ज्या ताऱ्यात खरी गरज, तिथेच ही पट्टी संपते. अशा वेळी पोटॅशियमची ७६९९ ची रेषा वापरतात, ती उशिरा भरते.

विसरित आंतरतारकीय पट्टे. ५७८०, ६२८४, ६६१४ अशा ठिकाणी पसरट, उथळ खळगे असतात. शंभर वर्षांपूर्वी नोंदले गेले आणि त्यातले बहुतेक कोणत्या रेणूमुळे पडतात हे अजून ठरलेलं नाही. लाल टोकाकडच्या दोन पट्ट्यांचं श्रेय मात्र साठ कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूच्या आयनाला २०१५ च्या प्रयोगशाळेतल्या मोजमापांनंतर मिळालं. आपल्या कामापुरतं एवढं पुरे की हे खळगे लवकर भरत नाहीत. ६२८४ मात्र जपून, शेजारीच पृथ्वीच्या हवेतल्या ऑक्सिजनच्या रेषा आहेत.

हायड्रोजनच्या रेषांचं गुणोत्तर. विरळ वायूत एच-अल्फा ही एच-बीटाच्या, म्हणजे ४८६१ च्या हायड्रोजन रेषेच्या, २.८६ पट असायला हवी. वरच्या हिशेबाप्रमाणे धुळीने ६ प्रती खाल्ल्या तर एच-बीटा एच-अल्फापेक्षा सुमारे २.१ प्रती जास्त गमावते, म्हणजे गुणोत्तर पावणेसात पटींनी वाढून १९ च्या आसपास जातं. हे मोजणं सोपं, म्हणून सगळे आधी इथेच धावतात. पण स्फोटानंतरचे पहिले आठवडे वायू दाट असतो आणि २.८६ हा आकडा तिथे लागूच पडत नाही. घाईने काढलेलं उत्तर मोठ्या फरकाने चुकतं. कवच विरळ होईपर्यंत थांबायचं.

रंग. नवतारा ऐन भरात असताना त्याचा मूळचा बी-व्ही रंगांक (निळ्या आणि दृश्य प्रकाशातल्या प्रतींमधला फरक) सरासरी ०.२३ असतो, आणि तेजस्विता दोन प्रतींनी उतरली की शून्याच्या जवळ येतो. व्हॅन डेन बर्ग आणि यंगर यांचं हे १९८७ चं काम. मोजलेल्या रंगांकातून हा वजा केला की लाली उरते. तिला ३.१ ने गुणलं की दृश्य प्रकाशात धुळीने किती प्रती खाल्ल्या ते कळतं. शिखराचा दिवस हुकला तर ही वाट अर्धी बंद.

५८७६ आणि ५८९० इतक्या जवळ आहेत, घोटाळा होत नाही का?

होतो, आणि तो कसा सोडवायचा हे नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्यात आपल्या किनाऱ्याचाही थोडा संबंध आहे.

समजा ५८८० च्या आसपास एक रुंद उंचवटा दिसतोय. तो हेलियमचा ५८७६ असेल किंवा नवताऱ्याच्या स्वतःच्या सोडियमचा. स्फोटानंतर सुरुवातीला बहुधा सोडियम, नंतर वायू तापला आणि विरळ झाला की हेलियम. दोन्हींचा निकाल दुसरीकडे लागतो: ६६७८ आणि ७०६५ ला जोडीचे उंचवटे असतील तर हेलियम, नसतील तर सोडियम. आता खाचा. मधल्या धुळीबरोबरच्या वायूतल्या सोडियमच्या खाचा बारीक असतात आणि ५८९०-५८९६ च्या अगदी जवळ बसतात, तिथून सेकंदाला काही दहा किलोमीटरपेक्षा जास्त सरकत नाहीत. नवताऱ्याच्या कवचातला सोडियम हजार किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असेल तर त्याची खाच २० अँगस्ट्रॉम निळ्याकडे, म्हणजे ५८७० जवळ पडते. आठवडाभराने पुन्हा वर्णपट घ्या. जी खाच जागची हलली नाही ती मधल्या वायूची. जी बदलली ती ताऱ्याची.

आता किनाऱ्याचं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विजयदुर्गावरून गेला होता. किल्ल्यात ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात आणि दर १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. लॉकयरने हेलियम इथूनच शोधला असं तिथे ऐकायला मिळतं. नॉर्मन लॉकयर त्या दिवशी भारतात नव्हते. सोडियमच्या जोडीशेजारची ती पिवळी रेषा त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला इंग्लंडमधून नोंदवली. फ्रान्सचे जान्सेन ग्रहणासाठी गुंटूरला होते. तरीही कट्ट्यावर जरूर जा. सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट बघायची सुरुवात झाली ती याच ग्रहणात, आणि ती पिवळी रेषा म्हणजे आपली ५८७६.

धुळीचा हिशेब एवढा कशाला? नवतारा ओळखला, झालं की.

अंतरासाठी. समजा नवतारा १२ प्रतीपर्यंत चढला आणि त्याची खरी, म्हणजे निरपेक्ष प्रत उणे ८ धरली. धूळ विसरलात तर अंतर येतं तीन लाख सव्वीस हजार प्रकाशवर्षं. आकाशगंगेच्या चकतीच्या कितीतरी बाहेर! धुळीच्या ६ प्रती वजा केल्या की तोच तारा सुमारे साडेवीस हजार प्रकाशवर्षांवर येऊन बसतो. निरपेक्ष प्रत धरण्यातही अनिश्चितता आहेच, पण धुळीची चूक तिच्यापेक्षा मोठी असते.

नवतारा स्वतः धूळ तयार करतो तेव्हा काय दिसतं?

तेजस्विता अचानक कोसळते. डिसेंबर १९३४ मध्ये सापडलेला डीक्यू हर्क्युलिस साधारण शंभर दिवस रमतगमत उतरत होता, मग काही आठवड्यांत पार तेराव्या प्रतीपर्यंत घसरला आणि पुन्हा वर आला. २०१५ मध्ये धनु राशीतल्या व्ही ५६६८ ने असाच गोता मारला. दृश्य प्रकाश पडतो त्याच वेळी इन्फ्रारेड वाढतो, कारण तापलेली धूळ तिथे चमकते. काही नवताऱ्यांत आधी कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे २.३ मायक्रॉनजवळ दिसतात, आणि मागोमाग धूळ येते. वर्णपटात एक गंमत असते: गोत्याच्या वेळी रेषांची लाल बाजू जास्त दबते, कारण कवचाचा पलीकडचा, आपल्यापासून दूर जाणारा भाग धुळीने जास्त झाकला जातो.

दोन्ही धुळी एकाच ताऱ्यात हव्या असतील तर २०१९ चा व्ही २८९१ सिग्नी पाहा. हंसातल्या या नवताऱ्याचा प्रकाश मधल्या धुळीने दृश्य प्रकाशात सुमारे सात प्रती खाल्ला होता. तो सापडला तोच इन्फ्रारेड सर्वेक्षणात. त्याने पुढे स्वतःचीही धूळ केली. माउंट अबूच्या वेधशाळेतून त्याचा तपशीलवार अभ्यास झाला.

माझ्याकडे आठ इंची दुर्बीण आहे. जमेल का?

जमेल, अपेक्षा बेताच्या ठेवल्या तर. कॅमेऱ्यापुढे बसणारी प्रकाश फाकवणारी मिलिमीटरला १०० रेषांची जाळी, स्टार अ‍ॅनालायझर, ही सर्वांत स्वस्त सुरुवात. तिच्यात एच-अल्फाचा सुळका दिसतो, मीराचे दाते दिसतात. म्हणजे ‘हा मीरा की नवतारा’ एवढं ठरतं. रुंदी मात्र मोजता येत नाही, कारण तिची स्वतःचीच पुसटता दोन-तीन हजार किलोमीटरची आहे. आल्पी ६०० सारख्या फटीच्या स्पेक्ट्रोग्राफने ५०० किलोमीटरपर्यंतचा फरक कळतो, पण सोडियमची जोडी त्यातही एकत्रच दिसते. ती सोडवायला आणखी बारीक यंत्र लागतं आणि तेजस्वी ताराही.

धुळीआडच्या ताऱ्यासाठी कॅमेऱ्याची निवड महत्त्वाची. साध्या डीएसएलआरमध्ये संवेदकापुढे गाळणी असते. ती एच-अल्फा बराचसा कापते आणि ७००० च्या पुढे काहीच येऊ देत नाही. म्हणजे जिथे आपल्या ताऱ्याचा प्रकाश शिल्लक आहे, तिथे कॅमेरा आंधळा. गाळणी काढलेला किंवा कृष्णधवल, थंड ठेवता येणारा कॅमेरा घ्या.

दुसरा बारकावा. जाळीत ७४०० च्या पुढे निळ्या प्रकाशाची नक्कल, म्हणजे दुसऱ्या क्रमाचा वर्णपट, येऊन चढते. धुळीआडच्या नवताऱ्यात निळा जवळजवळ नसल्याने त्याला त्रास नाही. पण यंत्राची दुरुस्ती करायला आपण जो पांढराशुभ्र संदर्भतारा घेतो, त्याच्यात निळा भरपूर असतो, आणि तिथे घोळ होतो. मग नवताऱ्याचं लाल टोक विनाकारण खाली दबतं. संदर्भताऱ्याचं लाल टोक पिवळी गाळणी लावून वेगळं घ्यावं.

धनु-वृश्चिकात ताऱ्यांची गर्दी इतकी असते की शेजारच्याचा वर्णपट आपल्यावर येऊन पडतो. जाळी थोडी फिरवा, पट्टी मोकळ्या जागेतून जाईल अशी.

कोकणातून हे करणं शहाणपणाचं आहे का? पाऊस, दमट हवा…

आधी फायदा. आपण १६ ते १८ अंश अक्षांशावर आहोत, त्यामुळे आकाशगंगेचा मध्य जवळजवळ ४४ अंश वर चढतो. युरोपातल्या हौशी निरीक्षकांना तो क्षितिजालगत, छपरांच्या आड शोधावा लागतो.

तोटा मात्र मोठा. धनु रास रात्रभर दिसते ती जून-जुलैत, आणि तेव्हा आपल्याकडे मळभ. त्यामुळे आपला मोसम फेब्रुवारीतल्या पहाटेपासून मे अखेरच्या रात्रींपर्यंत, आणि मग ऑक्टोबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संध्याकाळी पश्चिमेला थोडा वेळ. डिसेंबरात सूर्यच तिकडे जाऊन बसतो.

दमट हवा नुसती दव पाडून थांबत नाही. हवेतली वाफ वर्णपटात स्वतःचे पट्टे टाकते: ७२००, ८२०० आणि ९४०० च्या आसपास. समुद्रसपाटीला ते लडाखच्या कोरड्या हवेपेक्षा कितीतरी खोल असतात. ८४४६ आणि कॅल्शियमची तिकडी सुदैवाने ८२०० च्या पट्ट्यापलीकडे बसते. सूक्ष्म यंत्र असेल तर सोडियमच्या जोडीभोवतीही वाफेच्या बारीक रेषा दिसतात. त्यांना आंतरतारकीय समजू नका. ७६०० चा आणि ६८६७ चा खड्डा ऑक्सिजनचा, तो सगळीकडेच.

क्षितिजाजवळची हवाही प्रकाश लाल करते. संदर्भतारा नवताऱ्याच्याच उंचीवरचा आणि त्याच वेळी घ्या, नाहीतर हवेची लाली धुळीच्या खात्यावर पडते. दवासाठी नळीभोवती हीटर पट्टी आणि पेटीत सिलिका जेल. खारा वारा आरशाचा मुलामा खातो, म्हणून अगदी पुळणीवर बसण्यापेक्षा आत सड्यावर जावं. जांभ्याच्या सड्यावर क्षितिजही मोकळं मिळतं.

बोटींच्या दिव्यांनी वर्णपट बिघडतो का?

थोडा. आकाशाचा उजेड ताऱ्याच्या दोन्ही बाजूंनी मोजून वजा करता येतो. जुने पिवळे सोडियमचे रस्त्यावरचे दिवे जवळ असतील तर मात्र ५८९० ला जपावं.

मोठ्या दुर्बिणी हे काम करतच असतील, मग आपण कशाला?

करतात. हान्लेची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण, जुन्नरजवळची आयुकाची गिरावली वेधशाळा, माउंट अबूच्या गुरुशिखरावरची १.२ मीटरची इन्फ्रारेड दुर्बीण. नवताऱ्यांवर माउंट अबूहून अशोक आणि बॅनर्जी यांनी वर्षानुवर्षं इन्फ्रारेडमध्ये काम केलं आहे. दाट धुळीआडच्या ताऱ्यांना इन्फ्रारेडच योग्य: १.२८ मायक्रॉनला हायड्रोजन, १.१३ ला ऑक्सिजन, दोन्ही ठणठणीत मिळतात. पण मोठ्या दुर्बिणीचा वेळ वाटून दिलेला असतो आणि नवतारा विचारून फुटत नाही. पहिल्या दोन-तीन रात्रींचा वर्णपट पुष्कळदा हौशी माणसाकडेच असतो.

असे किती नवतारे आपल्या नजरेतून सुटतात?

आकाशगंगेत वर्षाला साधारण दहा नवतारे सापडत आले आहेत. पालोमारच्या ३० सेंटिमीटरच्या गॅटिनी इन्फ्रारेड दुर्बिणीच्या सर्वेक्षणावरून २०२१ मध्ये काढलेला अंदाज वर्षाला सुमारे ४४ चा आहे. बाकीच्यांतले बरेच धुळीआड, आणि काही नुसतेच कोणी न पाहिल्यामुळे गेलेले.

संशयित तारा सापडला तर कुठे कळवायचं?

आधी लघुग्रह नाही ना, माहीत असलेला चलतारा नाही ना, हे तपासा. दोन वेगवेगळ्या फोटोंत तो एकाच जागी आहे ना तेही. मग खगोलीय तारांच्या (म्हणजे टेलिग्रामच्या) केंद्रीय कार्यालयाच्या पुष्टी-पानावर नोंद करता येते. तिथे संशयिताला पीएनव्ही, म्हणजे ‘संभाव्य नवतारा’, अशी अक्षरं लागतात. तेजस्वितेच्या नोंदी अमेरिकेतल्या चलतारा निरीक्षकांच्या संघटनेकडे, म्हणजे आव्सोकडे, आणि वर्णपट एरास या हौशी गटाकडे पाठवता येतात. वर्णपटासोबत वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. यंत्र, संदर्भतारा आणि दोघांची क्षितिजापासूनची उंची हेही लिहा. ‘एच-अल्फा रुंद, ८४४६ आहे, रेणूंचे पट्टे नाहीत, चढ लाल’ एवढ्या चार गोष्टी नीट कळवल्या तरी पुढच्या माणसाचं निम्मं काम होतं.